पॅकिंगवाले कृष्णराव

माहा नवरा फिराले जातो म्हणून पिशवीत पान्हे घेऊन निघाला, तेव्हाच मले समजलं का कुठंतरी पाणी मुरून राहिलं हाये.

शनिवारची सकाळ होती. मी दारात तांदूळ निवडत बसली होती. हे सायकलच्या हँडलले कापडी पिशवी अडकवून राहिले, अन पिशवीतून खणखण आवाज आला.

"पिशवीत काय हाये?" मीनं विचारलं.

"पाण्याची बाटली."

"बाटली लोखंडाची हाये का?"

सेक्टरच्या चौकाकडे सायकल वळली अन माणूस गायब. इतक्या वर्षांचा संसार झाला, या माणसाले खोटं बोलता येत नाई. बोलाले लागला का मान खाली घालून सायकलची चेन पाहत बसतो. त्या दिवशीही चेनच पाहिली.

आता हे कोण, ते सांगतो. हे कृष्णराव वैरागडे. भंडाऱ्याकडचे. आयटीआय करून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, तिथल्या मिलमध्ये फिटर झाले, अन रिटायर झाले तरी डोक्यातून फिटर काई निघाला नाई. मिलमध्ये मोठी मोटर बसवतात तेव्हा तिचे पाय खालच्या पाटीवर बरोबर टेकले पाहिजेत. जिथं फट दिसली तिथं पत्र्याचा नाईतर रबराचा तुकडा सारायचा अन बोल्ट कसायचा. त्याले म्हणतात पॅकिंग. मग वरून तळहात ठेवून पाहायचं, थरथर लागते का. लागली तर पुन्हा खोला, पुन्हा कसा. हेच त्याइनं जन्मभर केलं. त्याइच्या हिशेबानं जगात दोनच प्रकारच्या वस्तू हायेत, एक हलणाऱ्या अन एक नीट केलेल्या.

आमच्या क्वार्टरमध्ये फ्रीजखाली रबर, कूलरखाली रबर, तुळशीच्या कुंडीखालीही रबर. कोणाच्या घरी जेवाले गेले तर आधी टेबलाखाली वाकणार. नरेशच्या, म्हणजे आमच्या पोराच्या लग्नात मंगलाष्टकं चालू झाली, भटजी सूर लावून राहिले, अन नवरदेवाचा बाप दिसेना! पाहतो तर हे पाटाजवळ उकिडवे बसून पुठ्ठ्याची घडी सारत होते. माह्या सूनबाईचे, मोनाचे, काका नागपूरहून आले होते, ते म्हणाले, "यांचं काई हरवलं का?" शरमेनं मेल्यासारखं झालं मले. तेव्हापासून साऱ्या सेक्टरमध्ये नाव पडलं, पॅकिंगवाले कृष्णराव.

हसाले ठीक हाये. पण याच्यामागं एक गोष्ट हाये, ते कोणापाशी बोलत नाईत. माही सासू, भागाबाई, आमच्यापाशीच राहायची. देव्हारा उंचावर, म्हणून ती एका लाकडी स्टुलावर चढून दिवा लावायची. स्टूल हलत होतं. तिनं दोनदा सांगतलं, "किसना, हे हलते रे." हे म्हणाले, "रविवारी पाहतो." रविवार यायच्या आधीच ती पडली. खुब्याचं हाड गेलं, अन मग ती काई उठली नाई. दिवसकार्य झाल्यावर याइनं ड्रिल मशीन आणली, अन ते स्टूल देव्हाऱ्याखाली फरशीले बोल्टनं कसून टाकलं. आजही तिथंच हाये. हलवाले गेलं तर घर हलन, स्टूल नाई. मले त्या बोल्टांची चीड येते, अन त्याइच्याकडे पाहून पोटात तुटतेही.

आता आमची नात. रोशनी, चौथीत. पोट्टी हुशार, पण बूड टेकत नाई. बसली का उठली, उठली का खिडकीत, खिडकीतून पलंगावर. अन आजोबा दिवसभर एकच, "हलू नोको, पोरी. हलू नोको." आजोबांसमोर ती बसायचीही. दोन्ही हात मांडीखाली दाबून, मान ताठ. नरेश म्हणे, "बघा, बाबांचं ऐकते." पण मी पाहत होती ना! ताटातला वरणभात तसाच थिजलेला. तिचा सारा जीव न हलण्यात लागून राही, घास कुठून घेन?

दिवाळीच्या आधी शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या प्राचार्या, पोरं त्याइले बडी मॅडम म्हणतात, त्याइनं नरेशले स्पष्ट सांगतलं. ही मुलगी साऱ्या वर्गाले बसू देत नाई. दिवाळीच्या सुटीपर्यंत एक तास जागेवर बसून पेपर पुरा करून दाखवला तर ठीक, नाईतर दुसरी शाळा पाहा. नरेश घरी येऊन पंख्याकडे पाहत बसला. मोना रडली. चौथीच्या लेकराले शाळेतून काढलं म्हणजे पुढं कोण घेन, अन काय म्हणून घेन?

वर्गशिक्षिका अनुजा मॅडम. ही मुदतही तिनंच बडी मॅडमले विनवून मागून घेतली होती, अन वर्गात नवीनच खूळ आणलं. चार स्टुलं, बूड कटोरीसारखं गोल. बसलं का डुलते. अन दोन खुर्च्यांच्या पुढच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली, पोरांनी पायानं दाबत बसाले. मले रोशनीनं सांगतलं तेव्हा मी म्हणली, "शाळा हाये का डोहाळजेवणाचा झोपाळा?"

पालकांच्या मिटिंगले हे गेले. स्टूल दिसलं, तसा तळहात ठेवला. स्टूल डुललं. अन याइचा चेहराच उतरला.

"मॅडम, हे पडन."

"काका, ते हलण्यासाठीच आहे," मॅडम म्हणाली. बोलणं आपल्याकडचंच, नागपूरच्या बाजूचं. "काही मुलांचं शरीर गप्प बसलं की डोकंही गप्प होते. त्यांना जागेवर थोडं हलू दिलं की उठून पळावं लागत नाही. सगळ्यांना लागत नाही, पण रोशनीला लागते असं मला वाटते. करून पाहू."

"करून पाहू? लेकरावर?" हे ओरडले. "हलणारी वस्तू चांगली असते असं कोणत्या पुस्तकात लिहिलं हाये?"

साऱ्या पालकांसमोर भांडण. नरेशनं हात धरून बाहेर आणलं, अन घरी आल्यावर हात जोडले, "बाबा, तुम्ही शाळेच्या गेटजवळही जाऊ नका."

खरं सांगतो, संशय मलेही होता. म्हणलं या बाईच्या भावाचं फर्निचरचं दुकान असन. सेक्टरच्या भाजी बाजारात चौकशी केली. बाप रेल्वेत गाडी चालवायचा, घर दुर्गले मोहन नगरात, भाऊ नाई, दुकान नाई. मग तर जास्तच संशय आला. काई भेटत नाई तर ही बाई कावून करून राहिली इतलं?

अन तिकडे रोशनी बसाले लागली! घरी येऊन वर्गात काय शिकवलं ते सांगाले लागली. चांगलं होऊन राहिलं तर माणसानं देवाले हात जोडावे, मी काय केलं? तिची पाण्याची बाटली हुंगून पाहिली. डोळ्याची पापणी ओढून पाहिली. म्हणलं शाळेत गोळी-बिळी देऊन झोपवतात का काय.

"काय देतात गं तुले तिथं?"

"काई नाई आजी. मैं बस डुलती हूँ."

"अन मग?"

"मग मॅडम क्या बोल रही है, ते ऐकू येते."

विश्वास बसला नाई माहा. डुलल्यानं ऐकू येते म्हणे!

अशा दिवसांत तो शनिवार आला, पान्ह्यांचा. दुपारी हे परतले ते खुशीत. आंघोळ करताना भजन चालू. जेवताना वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, मीठ जास्त झालं होतं तरी. हाताले रबर चिटकवायच्या सोल्यूशनचा वास. मी विचारलं, "कोणाची सायकल पंक्चर झाली?" हे म्हणाले, "एका भल्या कामाले गेलो होतो." बाप्पा! या माणसाचं भलं काम म्हटलं का माही धडधड वाढते.

सोमवारी रोशनीचा तो तासाभराचा पेपर होता, अन पाहाले बडी मॅडम वर्गात येऊन बसणार होती. नरेश पहिल्या शिफ्टले, मोना ड्युटीवर, म्हणून रोशनीले आणाले मी गेली. गेटवर अनुजा मॅडम उभी. तिच्या मागं रोशनी, फ्रॉकले धूळ, वेणी सुटलेली.

"काकू, आत या," मॅडम म्हणाली.

बडी मॅडमच्या खोलीत टेबलावर पेपर होता. नाव लिहिलेलं, बाकी कोरा. मॅडमनं सांगतलं, रोशनी सुरुवातीले बसली, मग स्टुलावर उड्या मारून पाहिल्या, मग स्टूल लाथाडलं, मग बाकाखाली शिरली, अन सारा वर्ग हसाले लागला. बडी मॅडम म्हणाली, "मैंने पहले ही कहा था, ये सब खिलौने हैं. और अब बच्ची ने स्टूल भी खराब कर दिया."

स्टूल टेबलाजवळ उलटं ठेवलेलं. गोल बुडाले तीन काळ्या रबराचे तुकडे चिटकवलेले, अन स्क्रूनं कसलेले. स्टूल जमिनीवर असं बसत होतं का हत्तीनं ढकललं तरी डुललं नसतं. चारही स्टुलांचं तेच.

"काकू, शनिवारी श्रमदान होतं, बाकं दुरुस्त करायला बरेच पालक आले होते," अनुजा मॅडम हळूच म्हणाली. "मी ऑफिसात होते. आज तास सुरू होईपर्यंत मलाही दिसलं नाही. बडी मॅडमला वाटते, रोशनीनंच काहीतरी चिटकवलं."

मी रबराचे तुकडे पाहिले. कडा तिरप्या कापलेल्या, साऱ्या एकसारख्या. माह्या फ्रीजखाली असेच चार हायेत. रोज झाडताना दिसतात. गप्प राहिली असती तर नवऱ्याची इज्जत राहिली असती. पण इकडे लेकरू फ्रॉकची कड मुठीत धरून उभं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी.

"हे पोट्टीचं काम नाई," मी म्हणली. "हे माह्या नवऱ्याचं हाये."

बडी मॅडमनं आधी माह्याकडे पाहिलं, मग अनुजा मॅडमकडे. तिलेही संशय, का आम्ही दोघी मिळून नाटक करून राहिलो. मी रडलीच तिथं. हिंदी माही कच्ची, पण जशी आली तशी बोलली, एक मौका दो. शेवटी ती म्हणाली, "कल. एक पीरियड. आखरी बार. मैं खुद बैठूँगी. और दादाजी को लाइए, मेरे सामने खोलेंगे जो लगाया है."

घरी येऊन मीनं ताट वाढलं. वरण नाई, भात नाई. शाळेतल्या दुसऱ्या एका स्टुलाचा सुटून पडलेला रबराचा तुकडा मीनं उचलून आणला होता, तो ताटात ठेवला अन ताट त्याइच्यासमोर सरकवलं.

"हे काय हाये?"

त्याइनं उचलून पाहिलं. "पॅकिंग."

"कोणी लावलं?"

"हलून राहिले होते ते. नीट केले. पोट्टी पडली असती तर?"

"पडली!" मी ओरडली. "शाळेतूनच पडून राहिली ती! नरेशनं हात जोडले होते तुमाले. फिराले जातो म्हणून गेले, चोरासारखे. लेकराचा पेपर कोरा हाये. उद्या शेवटचा मौका हाये, अन तोही मी रडून आणला."

त्याइले पटेना. "लेव्हलमध्ये बसून पोट्टी कावून उठन?" असं ते मले नाई, रोशनीले विचाराले गेले. ती देव्हाऱ्याखाली बसली होती, त्या कसलेल्या स्टुलाजवळ.

"रोशनी, स्टूल तर मीनं नीट केलं होतं. मग तू कावून उठली?"

ती मान वर न करता म्हणाली, "स्टूल हिल नहीं रहा था ना आजोबा. तो मुझे हिलना पड़ा." मग थोडं थांबून म्हणाली, "मीनं सांगतलं होतं तुमाले, ते हलते म्हणून मले बसता येते. तुमी म्हणले, हलू नोको."

हे तिथंच खाली बसले.

मंगळवारी आम्ही तिघं शाळेत. मी मुद्दाम गेली, अन पिशवी माह्या हातात ठेवली. या माणसाच्या हाती पान्हा देऊन मी मोकळी सोडणार होती का? बडी मॅडमसमोर याइनं एकेक स्क्रू खोलला, रबर काढलं, बूड कपड्यानं पुसलं. ती याइच्या हाताकडे असं पाहत होती, जशी मी दूधवाल्याच्या मापाकडे पाहतो. स्टूल जमिनीवर ठेवलं. याइनं सवयीनं तळहात ठेवला. स्टूल डुललं. त्याइचा हात झटकन मागं आला.

रोशनी बसली. पेपर दिला. आम्हाले मागच्या भिंतीले दोन खुर्च्या. बडी मॅडम बाजूले, हातात पेन.

अन पोट्टीनं मागं वळून पाहिलं. आजोबा दिसले.

झालं! दोन्ही हात मांडीखाली, मान ताठ. स्टूल जागच्या जागी, जसं काई त्याले पुन्हा पॅकिंग लागलं. बडी मॅडम खूश. अनुजा मॅडमले म्हणाली, "देखिए, बैठ तो रही है. बिना हिले." पण मले ते थिजलेलं वरणभाताचं ताट दिसून राहिलं. पेन्सिल बाकावर पडलेली. बाजूची पोरं पान पलटवाले लागली, हिचं पान कोरंच. अनुजा मॅडम जवळून गेली, पेपर पाहिला, अन तिचे डोळे भरले.

मी याइले कोपर मारलं. "तुमी बाहेर व्हा. तुमाले पाहून बसली ती अशी."

हे उठले नाईत. मग साऱ्या वर्गात ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाले, "रोशनी. हल, माय."

पोरं फिसकन हसली. "दादाजी!" बडी मॅडम ओरडली. पण हे उभे राहिले. हात काय करावे ते समजेना, ते शर्टाच्या बटनावर ठेवले.

"हल पोरी. मी काई म्हणत नाई. हल तू."

ती पाहतच राहिली. तिलेही संशय. का नाई येणार? जन्मापासून ज्याच्या तोंडून दुसरं ऐकलं नाई, तो आज असं बोलून राहिला. ती हलली नाई.

मग या माणसानं काय करावं? जागेवर उभ्या उभ्या डुलाले लागला! इकडून तिकडं, तिकडून इकडं, पांढरे केस, पायात कंपनीचा जुना बूट, अन चाळीस पोट्ट्यांसमोर. मी मरून जाईन असं वाटलं, अन त्याच वेळी वाटलं उठून याच्या पाया पडावं.

रोशनी थोडी हलली. वळून पाहिलं. आजोबा डुलतच होते. पुन्हा हलली. हात मांडीखालून निघाले. स्टुलानं डोलणं धरलं, अन पेन्सिल चालू झाली. मग तिनं मागं पाहिलंच नाई. हे मात्र घंटी होईपर्यंत खाली बसले नाईत. मी शर्ट ओढला तरी नाई.

बडी मॅडमनं पेपर तिथंच तपासला. दोन गणितं चुकली होती, बाकी बरोबर. तिनं स्टूल उलटं करून पाहिलं, आत हात घालून पाहिला, अजून काई लपवलं हाये का म्हणून. मग म्हणाली, "ठीक है. रहने दीजिए. दिवाली के बाद फिर देखूँगी." तिचा संशय काई गेला नाई. पण पोट्टी शाळेत राहिली.

घरी येताना हे सायकल हातात धरून चालत आले, रोशनी पुढच्या दांडीवर. घरी आले, अन पिशवी माह्या हातातून घेऊन थेट देव्हाऱ्यापाशी. मी मागं धावली.

"आता काय करून राहिले?"

त्याइनं पान्हा लावला. इतक्या वर्षांचा बोल्ट, गंजलेला, आवाज करत सुटला. चारही सोडले. फरशीत चार भोकं राहिली. स्टूल उचलून मांडीवर घेतलं, धूळ पुसली, अन रोशनीले बसाले म्हणून त्याचे पाय कापून त्याले गोल बूड कसं लावायचं ते बोटानं मोजाले लागले.

"आज मंगळवार हाये," मी म्हणली. "जेवून घ्या. रविवारी करा आरामात."

"रविवारी नाई," ते म्हणाले. "आई म्हणे, हे हलते रे. मीनं ऐकलं नाई. पोट्टी म्हणे, हलते म्हणून बसता येते. तिचंही ऐकलं नाई. दोघी हलणाऱ्या स्टुलाबद्दलच सांगत होत्या, वच्छला."

मीनं करवत आणून दिली. पाय कापून होईपर्यंत मी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.